देवरावचा अंदाज

हे लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. आधी वाटायचं, देवराव गावातच आहे, एक दिवस त्याच्याशी बोलून टाकू, कागद कशाला. मग तो गेला, आणि वाटू लागलं की आता बोलून कोणाला काय मिळणार. दोन्ही कारणं माझ्या सोयीची होती. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. गुडघे चालत नाहीत, दुपारभर ओट्यावर बसून असतो. देवरावचं नाव निघालं की अजूनही कोणीतरी म्हणतं, "माणूस चांगला होता, पण त्या दिवशी खत जास्त भरलं नं त्यानं." हे बोलणं होतं तेव्हा मी तिथेच असतो. चहा पीत असतो. ते खोटं आहे हे ठाऊक असलेला गावात मी एकटाच आहे.

देवराव पिकप चालवायचा. आमचं गाव देवळीपासून जवळच आहे. हंगामात तो कापूस आणि सोयाबीन न्यायचा, मधल्या दिवसांत भाजी, आणि चैत्र लागला की शेणखत. इथले ट्रॅक्टरवाले खत ट्रॉलीतून नेतातच, पण आमच्या जुन्या गल्लीत ट्रॉली वळत नाही आणि पांदणीतही ती अडकते. त्यामुळे उकिरड्यांवरून शेतात खत टाकायचं काम बहुतेक देवरावच्या छोट्या गाडीकडे असे. पांढरी गाडी, पण उन्हाळ्यात ती पांढरी दिसत नसे.

तो अंगानं किरकोळ होता. हात मात्र त्याच्या शरीराला न शोभणारे, मोठे. शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. खताचं काम असलं की नाकाला दुपट्टा बांधायचा आणि तो बोलण्यासाठीसुद्धा खाली करायचा नाही, त्यामुळे अर्धं बोलणं डोळ्यांनीच व्हायचं. सीटखाली पत्र्याच्या डब्यात साबणाची वडी असे. काम संपलं की कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय तो चहाच्या कपाला हात लावत नसे. आमच्या घरी तो चहा बाहेर ओट्यावरच प्यायचा. "कपडे घाण हायेत सायब," म्हणायचा. कपडे स्वच्छ असतानाही तो ओट्यावरच बसे, आणि मीही कधी आत ये म्हटलं नाही. कपड्यांचं कारण आम्हा दोघांनाही पुरत होतं.

मला तो सायब म्हणायचा, कारण मी कृषी खात्यात पर्यवेक्षक होतो. आर्वी तालुक्यात रोहण्याकडे बरीच वर्षं काढली. खताचा खड्डा किती खोल, त्यात ओल किती राहिली पाहिजे, हे मी शेकडो शेतकऱ्यांना फळ्यावर काढून शिकवलं. ते खत खड्ड्यातून शेतात कसं न्यायचं, यावर मला कोणी काही शिकवलं नव्हतं आणि मीही कोणाला शिकवलं नाही. ते मी निवृत्तीनंतर देवरावला पाहून शिकलो.

खड्ड्याजवळ गाडी लावली की तो आधी खताकडे जाई. हात कोपरापर्यंत आत खुपसून आतलं खत बाहेर काढी आणि मूठ दाबी. भुगा झाला तर म्हणे, "चालते." गोळा राहिला तर, "अर्धी भरू." बोटांतून पाणी सुटलं तर हात झटकून, "दोन दिवस ऊन लागू द्या," आणि सरळ गाडी सुरू करी. वाद घालायला वेळच देत नसे. कोरडं आणि ओलं खत एकाच उंचीला भरलं तर डोळ्याला ते सारखंच दिसतं. वजन मात्र कुठल्या कुठे जातं. छोट्या गाड्या खतानं उलटतात त्या याच्यामुळे, असं तो सांगायचा. लोक डाल्याचा, म्हणजे गाडीच्या मागच्या हौद्याचा, काठ पाहून भरतात.

भरण्याची त्याची पद्धत ठरलेली होती. खाली जुनी ताडपत्री. मग केबिनच्या बाजूनं सुरुवात, एक घमेलं उजवीकडे तर एक डावीकडे. काठाच्या चार बोटं खाली थांबायचं. मागच्या फाळक्याशी आणखी कमी, कारण चढावर माल मागे सरकतो. वरून दुसरी ताडपत्री, आणि ती चारही कोपऱ्यांना दोरीनं आवळलेली, कारण मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यात खत जाऊ नये. सगळं झालं की तो गाडीमागे उकिडवा बसे आणि मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पाही. पाट्याचा बाक किती उरला, यावर त्याचं वजन ठरे. एकदा देवळीच्या धर्मकाट्यावर दोन-तीन ड्रायव्हरांनी त्याची परीक्षा घेतली होती. त्यानं सांगितलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यात पाच-सात किलोचा फरक निघाला. ते लोक हसले, तर हा गंभीर. म्हणाला, "ताडपत्री धरली नव्हती म्या. थे ओली हाये."

जेसीबीनं भरलेलं त्याला आवडत नसे. "फावड्याले समजते आत काय हाये. त्या यंत्राले काय समजते?"

आर्वी रोडला संत्र्याचे एक बागवाले होते. मोठं खटलं, बोलणं तोऱ्यात. देवरावनं गाडी चार बोटं खाली थांबवली, तसे ते ओरडले, "काऊन बे, एवढ्यात तं माह्या कोंबड्याइचंबी भागत नाई. टाक अजून वर."

"मंग कोंबड्याइलेच सांगा वाहाले."

"घाई हाये रे मले."

"घाई तुमची हाये, गाडी माही हाये."

देवराव पाणी प्यायला गेला तेवढ्यात बागवाल्यांनी गड्याकडून वर आणखी चढवून घेतलं. देवरावनं परत येऊन पाटे पाहिले. फावडं घेतलं, वरचं सगळं खत बागेच्या फाटकातच उतरवलं, नीट ढीग करून, आणि फावडं पुसून जागेवर ठेवलं. त्या दिवशी त्यांची मोटार संध्याकाळपर्यंत फाटकाच्या आत अडकली होती म्हणतात. पुढच्या वर्षी त्यांनी परत देवरावलाच बोलावलं.

दुसरा नियम, खताच्या गाडीत वर माणूस बसणार नाही. आमच्याकडे मजूर बाया भरलेल्या गाडीवर बसून शेतात जातात, ही रोजची गोष्ट आहे. खत मऊ असतं, बसायला बरं पडतं. देवराव बसू द्यायचा नाही. रिकाम्या डाल्यातसुद्धा नाही. भीमजयंतीला त्याच्या वस्तीतली पोरं गाडी मागायला आली. त्यानं ती आदल्या दिवशी धुऊन ठेवली होती, निळे झेंडे बांधले होते. पण म्हणाला, "गाडीत फक्त डब्बे ठेवा वाजवाचे. तुमी पायी चाला."

"काका, वरून नाचाची मजाच अलग हाये."

"नाच नं बाबू. खाली नाच. खाली काय जमीन नाई?"

मिरवणुकीत पोरं त्याच्या नावानं ओरडत पायी चालली, आणि हा मुंगीच्या वेगानं गाडी चालवत, आरशात पाहत, कोणी चढलं तर नाही ना. त्याच्या बायकोनं, निर्मलाबाईनं, हे मला हसत सांगितलं होतं. "माह्या लग्नातबी हा माणूस वऱ्हाड उतरवून घ्याले बसला असता," म्हणाल्या.

आता त्या दिवसाचं.

अक्षय तृतीयेला शेतात पहिलं खत पडलं पाहिजे, ही माझ्या वडिलांची रीत. मी खात्यात होतो तेव्हा असल्या गोष्टींना हसायचो. निवृत्तीनंतर मीच ती धरून बसलो. त्या वर्षी गावात जेसीबी आला होता आणि दुसऱ्या दिवशी तो सेलूकडे जाणार होता. म्हणून अक्षय तृतीयेच्या सकाळचीच वेळ ठरली. माझ्या खड्ड्यावरचं खत वाळून भुकटी झालं होतं. यंत्र चाललं की गल्लीभर धूळ उडणार, सून ओरडणार. म्हणून आदल्या दिवशी दुपारी मी मोटर लावली, पाइप खड्ड्यात सोडला. पाचेक मिनिटं वर शिंपडायचं, एवढंच मनात होतं. तेवढ्यात जुन्या कचेरीतल्या एका मित्राचा फोन आला. निवृत्त माणसांच्या गप्पा, कोण आजारी, कोण गेलं. परत आलो तेव्हा दोन तास झाले होते. खड्ड्यात पाणी दिसत नव्हतं, सगळं आत मुरलं होतं.

सकाळी वरचा थर वैशाखाच्या उन्हानं पुन्हा कोरडा झाला. देवराव यायच्या आधीच जेसीबीवाल्यानं खोदून ढीग बाहेर काढला होता. देवराव आला, ढिगात हात घातला, मूठ दाबली. ती बाजू नेमकी वरच्या थराची होती. भुगा झाला. "चालते," म्हणाला.

यंत्रानं गाडी भरली. देवरावनं ती चार बोटं खालीच थांबवली. मागे जाऊन पाटे पाहिले आणि उठला नाही. तसाच बसून राहिला. मग दुपट्टा खाली केला. मी त्याला काम करताना दुपट्टा खाली करताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"सायब, पाटे दबले वो. खड्ड्यात पाणी तं नाई सोडलं?"

हो म्हटलं असतं तर त्यानं गाडी रिकामी केली असती. ढीग दोन दिवस उन्हात पडला असता, अक्षय तृतीया टळली असती. शिवाय मी, आयुष्यभर खताचं शास्त्र शिकवलेला माणूस, दोन तास पाइप विसरलो, हे जेसीबीवाल्यासमोर आणि मजूर बायांसमोर निघालं असतं. एवढंच होतं. याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

"नाई गा," मी म्हणालो. "पाणी कायले सोडीन? बुडाचं मुरलेलं खत हाये, जड राह्यतेच."

तो माझ्याकडे पाहत राहिला. शंकेनं नाही. सायबाला खतातलं कळतं, असं मानणारा माणूस जसा पाहील तसा. उठला आणि म्हणाला, "असंल मंग." तरी आठ-दहा घमेली त्यानं मागून काढली.

शेवंताबाई आणि तिची जाऊ गाडीच्या मागे उभ्या होत्या. शेतात खत पसरायला त्यांना न्यायचं होतं. मी म्हणालो, "देवराव, आजच्या दिवस बसू दे बायाइले. ऊन झालं."

"नाई सायब."

शेवंताबाई तोंडाची फटकळ. "तुह्या गाडीले आमी जड होतो काय रे भाऊ? शेनापेक्षा?"

"शेन पडलं तं उचलता येते व ताई," देवराव म्हणाला. "चाला पायी. मी हळूच जाऊन राह्यलो, माह्या आधी पोचता."

त्या चिडून निघाल्या. आज शेवंताबाई नातवंडांना शाळेत सोडायला जाते. ही गोष्ट गावात कोणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

माझ्या शेताच्या वाटेवर पांदण एका नाल्यात उतरते आणि पलीकडे चढते. नाला तेव्हा कोरडा होता. मी स्कूटरवर मागे, बऱ्याच अंतरावर, कारण तो कोणालाही भरल्या गाडीमागे जवळ येऊ देत नसे. तो पहिल्या गिअरमध्ये चढू लागला. अर्ध्या चढावर गाडीचं तोंड हलकं झालेलं मला दिसलं. समोरची चाकं जमिनीला टेकून होती, पण धरत नव्हती. गाडी मागे आली, एक चाक पांदणीच्या भुसभुशीत काठावर गेलं, आणि ती आडवी झाली. फार आवाजही झाला नाही. देवराव दाराखाली सापडला, मांडीपासून खाली.

खत नाल्यात सांडलं, आणि त्याच्यातून काळं पाणी निघालं. धार लागली होती. मी स्कूटर टाकून धावलो, पण आधी मला ते पाणी दिसलं, हे खरं सांगतो. माणसं जमेपर्यंत ते वाळूत जिरलं.

बाजूच्या वावरातले लोक आले, गाडी उचलली. कोणीतरी विचारलं, "काय झालं साहेब?"

मी म्हणालो, "जास्त भरलं होतं वाटते."

लोकांनी ते लगेच मानलं. साहेब म्हणतात म्हणजे तसंच. गाडी भरणारा कोणत्या वस्तीतला आणि सांगणारा कोणत्या, याचाही त्यात भाग होता, ते मी नाकारत नाही. संध्याकाळपर्यंत गावभर तेच झालं. देवरावनं जास्त भरलं.

सावंगीच्या दवाखान्यात त्याच्या मांडीत सळई टाकली. मी रोज डबा घेऊन जायचो. गाव म्हणायचं, साहेब किती करतात. निर्मलाबाई माझ्या पाया पडायला वाकल्या, मी मागे सरलो, तर त्यांना वाटलं मी नम्र आहे. सहाव्या-सातव्या दिवशी, निर्मलाबाई औषध आणायला खाली गेल्या होत्या तेव्हा, देवराव वर पंख्याकडे पाहत म्हणाला,

"सायब, एक इचारू?"

"इचार नं."

"खत कोरडंच होतं नं?"

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. कोणाची लाज धरायची नव्हती, कशाची घाई नव्हती. तरी मी म्हणालो, "हो."

त्यानं पांघरुणातून हात बाहेर काढला, पालथा-सुलटा करून पाहिला. "मंग माह्यातलंच गेलं म्हना. पाटे मले जड दिसले होते. कोरड्या खताले जड दिसले, म्हनजे नजर गेली माही. अंदाज गेला. आता नको गाडी. आज मीच होतो, उद्या कोनी रस्त्यावरचं मरंन."

मी त्याला समजावलं की असं होतं कधीकधी, वय झालं. हे शब्द मी बोललो. त्याचं वय माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी कमी होतं.

त्यानं गाडी विकली. चालायला काठी लागायची, पण गाडी चालवणं त्याला जमलं असतं. पाय त्याला अडवत नव्हता. ज्या माणसाचा अंदाज तालुक्यात मानत, तो घरात भाजीची पिशवी उचलूनही बायकोला विचारू लागला, किती असंल व? निर्मलाबाईंनी हे मला काळजीनं सांगितलं, डोक्याला मार तर नव्हता ना, असं विचारत. मी म्हणालो, डॉक्टरला दाखवा.

तो असेपर्यंत मी किती वेळा त्याच्या घराच्या वळणापर्यंत गेलो, ते सांगत नाही. वळणापर्यंत जाणं म्हणजे काही नव्हे. दोन हिवाळ्यांमागे थंडीत त्याची छाती भरली आणि तो गेला. हे लिहून झालं की निर्मलाबाईंना वाचून दाखवणार आहे. त्या काय म्हणतील ते ऐकून घेईन. पण ज्याला ऐकवायचं होतं तो आता ऐकायला नाही.

त्याला शेवटचं पाहिलं ते त्याच्या जाण्याआधीच्या दिवाळीत, देवळीच्या धर्मकाट्यावर. त्याला तिथे काम मिळालं होतं, खिडकीत बसून चिठ्ठ्या फाडायचं. मी सोयाबीन घेऊन गेलो होतो. जाताना वाटेत ठरवलं होतं, आज बोलायचं. वाक्यंही जुळवली होती. एक ओळखीचा ड्रायव्हर कापसाची गाडी घेऊन आला आणि चढायच्या आधी मजेनं ओरडला, "देवरावभाऊ, सांग बरं किती भरंन?"

देवरावनं गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. "चढव काट्यावर. मले काय समजते."

मग मी दिसलो. तो काठी टेकत उठला, स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. "बसा सायब, बसा. गुडघे कसे हायेत?" मी बसलो. तो उभा राहिला, त्या पायावर.

"देवराव," मी म्हणालो, "त्या अक्षय तृतीयेच्या दिवशी..."

"सोडा नं सायब. तुमी तं दवाखान्यात किती केलं माहं. चुकलं तं माहंच."

बाहेर दोन हॉर्न वाजले. तो वळला, लंगडत खिडकीशी गेला, एकाला चिठ्ठी दिली, दुसऱ्याचा नंबर लिहून घेतला. त्याची पाठ माझ्याकडे होती. गाड्यांची रांग वाढत गेली. माझी चिठ्ठी झाली होती, ती मी खिशात घातली, खुर्ची जागेवर ठेवली आणि त्यानं मागे पाहायच्या आत बाहेर पडलो. जुळवून नेलेली वाक्यं अशी होती:

देवराव, खत ओलं होतं गा. पाणी म्या सोडलं होतं, दोन तास. तू इचारलं तवा खोटं बोललो, दवाखान्यात इचारलं तवाबी खोटंच बोललो. तुही नजर बरोबर होती. तुह्यातलं काईच गेलं नव्हतं. मले माफ कर.